चार देशांत फिरताना नाशिकचा नंबर चालू कसा ठेवायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पिंपळगाव बसवंतहून द्राक्षं निर्यात करणारे एक गृहस्थ फेब्रुवारीत बर्लिनच्या फळांच्या प्रदर्शनाला जाणार आहेत. तिथून रॉटरडॅमला माल घेणाऱ्यांकडे, मग इंग्लंडला आणि परतीच्या वाटेवर दुबईला. सगळे मिळून दोन-अडीच महिने. नंबर अनेक वर्षं एकच आहे. खरेदीदार, कस्टमचे एजंट, बँक, घरचे, सगळे त्याच नंबरवर. ते विचारतात, ‘दर देशात सिम बदलत बसायचं नाही, नंबर हाच ठेवायचा आहे, तर कोणतं सिम घेऊ?’

कोणतं सिम, हे सगळ्यात शेवटी ठरवायचं. त्याआधी हे पाहा की तुमचा एक नंबर तीन वेगवेगळी कामं करतो. लोकांचे कॉल त्यावर येतात, बँकेचे आणि सरकारी संकेतस्थळांचे ओटीपी त्यावर येतात, आणि नेटही त्याच सिमवरून चालतं. घरी असताना ही तिन्ही कामं एकाच रिचार्जमध्ये होतात, म्हणून ती वेगळी आहेत हे लक्षात येत नाही. परदेशात मात्र तिन्हींचा खर्च वेगळा, नियम वेगळे आणि बिघाडही वेगळे. ओटीपीचं काम भारतीय सिमशिवाय दुसरं कोणी करू शकत नाही. कॉल आणि नेट मात्र दुसऱ्या वाटेनं नेता येतात आणि न्यायलाच हवेत. माझा सगळा सल्ला यावरच उभा आहे: नाशिकचं सिम फोनमध्ये जिवंत ठेवा, त्याच्याकडून फक्त एसएमएस घ्या, आणि नेटसाठी दुसरं सिम शेजारी बसवा.

काही जण विचारतात की हाच नंबर परदेशी कंपनीकडे पोर्ट करता येईल का. नाही. आपल्याकडे नंबर पोर्टेबिलिटी देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे, पण ती भारतातल्या कंपन्यांपुरती. ‘जगभर चालणारं एकच सिम’ म्हणून जे विकतात त्याला त्यांचा स्वतःचा, दुसऱ्याच देशाचा नंबर असतो. तुमचा नंबर त्यात येत नाही.

आता सिम ‘जिवंत’ ठेवायचं म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढच्या बहुतेक सूचना त्यातूनच निघतात. तुमचा फोन ॲमस्टरडॅमला उतरल्यावर तिथल्या एखाद्या नेटवर्कवर नोंदला जातो, आणि ते नेटवर्क तुमच्या भारतीय कंपनीला कळवतं की हा ग्राहक सध्या आमच्याकडे आहे. बँकेनं पाठवलेला एसएमएस आधी भारतीय कंपनीकडे जातो, ती नोंद पाहते आणि तो त्या परदेशी नेटवर्ककडे धाडते. नोंदच नसेल, म्हणजे सिम काढून पाकिटात ठेवलं असेल, स्लॉट बंद केला असेल किंवा इंटरनॅशनल रोमिंग सुरूच नसेल, तर एसएमएस भारतातच अडकून राहतो. ओटीपीला पाच-दहा मिनिटांचं आयुष्य, त्यामुळे उशिरा मिळालेला काही कामाचा नसतो. म्हणून सिम फोनमध्ये, स्लॉट चालू आणि रोमिंग सुरू, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी लागतात.

इथे एक गल्लत नेहमी होते. इंटरनॅशनल रोमिंगची सेवा आणि रोमिंगचा पॅक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सेवा म्हणजे परदेशी नेटवर्कवर नोंदलं जाण्याची परवानगी. पॅक म्हणजे तिथले कॉल आणि नेट स्वस्तात मिळावेत म्हणून आगाऊ भरलेले पैसे. तुम्हाला सेवा हवीच आहे. पॅक लागेलच असं नाही, कारण रोमिंगमध्ये आलेल्या एसएमएसला सर्वसाधारणपणे पैसे पडत नाहीत. मात्र काही प्रीपेड कनेक्शनवर ठरावीक रिचार्ज केल्याशिवाय सेवा चालू होत नाही. कंपनीच्या ॲपमध्ये रोमिंगच्या पानावर सेवा ‘चालू’ दिसते का ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. दिसत नसेल तर कॉलेज रोडच्या किंवा नाशिकरोडच्या कंपनीच्या स्वतःच्या दुकानात जा. कोपऱ्यावरचा रिचार्जवाला तुम्हाला पॅक मारून देईल, पण सेवा सुरू आहे की नाही हे त्याला दिसेलच असं नाही.

प्रीपेड की पोस्टपेड, हे तुमच्या फिरण्यावर आहे. वर्षातून एकदा जात असाल तर प्रीपेडच ठेवा, चुकून नेट चालू राहिलं तरी नुकसान शिल्लक रकमेपुरतंच होतं. दर दोन-तीन महिन्यांनी जाणं असेल तर कमी भाड्याचं पोस्टपेड सोयीचं, कारण मुदत संपण्याची भीती नाही. प्रीपेडवाल्यांचं सगळ्यात मोठं नुकसान रोमिंगमुळे होत नाही, साध्या रिचार्जची मुदत मधेच संपल्यामुळे होतं. मुदत संपली की थोड्याच दिवसांत येणारे एसएमएसही थांबतात, आणि ते नेमके तुम्ही रॉटरडॅममध्ये असताना थांबतात. अडीच महिन्यांसाठी ८४ दिवसांचा रिचार्ज काठावर बसतो. मी वर्षभराचाच घ्यायला सांगतो. दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायनं डिसेंबर २०२४मध्ये नियम बदलून फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक ठेवणं कंपन्यांना बंधनकारक केलं आणि अशा पॅकची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांवर नेली. नेट दुसऱ्या सिमवरून घेणार असाल तर असा बिननेटचा लांब मुदतीचा पॅक तुम्हाला पुरतो, आणि नेटच्या पॅकपेक्षा तो स्वस्तही पडतो.

‘९० दिवस सिम बंद होत नाही’ हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण त्याचा अर्थ वेगळा आहे. ९० दिवस काहीच वापर नसेल तर कंपनी नंबर काढून घेऊ शकते. खात्यात २० रुपये शिल्लक असतील तर ते कापून आणखी ३० दिवस नंबर राखला जातो. हा नंबर हातातून न जाण्याचा नियम आहे. त्या ९० दिवसांत ओटीपी येत राहतील असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. तेव्हा त्याच्या भरवशावर रिचार्ज टाळू नका.

आता फोन. दोन सिम चालणारा फोन लागेल, आणि बहुतेकांकडे तो असतोच. ई-सिम, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच बसवायचं सिम, चालतं का ते पाहायचं असेल तर *#०६# डायल करा. आयएमईआयसोबत ३२ अंकी ईआयडी दिसला तर फोन ई-सिमचा आहे. मग भारतीय नंबर कशावर ठेवायचा, प्लास्टिकच्या सिमवर की ई-सिमवर? दोन्ही बाजूंना तथ्य आहे. ई-सिम कोणी काढून नेऊ शकत नाही. पण फोन पाण्यात पडला किंवा स्क्रीन गेली, तर प्लास्टिकचं सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये दोन मिनिटांत घालता येतं. ई-सिम नव्या फोनवर आणायला पुन्हा पडताळणी लागते, आणि तिचा ओटीपी बऱ्याचदा त्याच बंद पडलेल्या नंबरवर जातो. लांबच्या प्रवासात चोरीपेक्षा फोन बिघडण्याची शक्यता जास्त, म्हणून मी भारतीय नंबर प्लास्टिकच्या सिमवर आणि परदेशी नेट ई-सिमवर, अशी वाटणी करायला सांगतो. अपवाद अमेरिकेत घेतलेल्या आयफोनचा. तिथे विकल्या जाणाऱ्या आयफोन १४ पासून पुढच्या फोनना सिमचा ट्रेच नाही. तो फोन असेल तर दोन्ही नंबर ई-सिमवरच येणार.

प्लास्टिकच्या सिमला चोरीचा जो धोका आहे त्यावर सिम-पिन हा साधा उपाय आहे, आणि तो फार थोडे लोक वापरतात. फोनला कुलूप असलं तरी चोर सिम काढून स्वतःच्या फोनमध्ये घालू शकतो, आणि तुमचे ओटीपी त्याच्याकडे जातात. फोनच्या सेटिंगमध्ये सिम लॉक चालू करून चार आकडी पिन ठेवा. आधी कंपनीचा मूळ पिन कोणता ते विचारून घ्या, अंदाजानं टाकू नका. तीन चुका झाल्या की फोन आठ अंकी पीयूके, म्हणजे अडकलेलं सिम उघडायचा कोड, मागतो, आणि पीयूके दहा वेळा चुकला की ते सिम कायमचं जातं. पीयूके बहुधा सिमच्या मूळ कार्डावर छापलेला असतो. तो कागदावर लिहून पासपोर्टच्या पाकिटात ठेवा. हे सगळं नाशकातच करून, फोन एकदा बंद-चालू करून, पिन मागतो का ते बघा.

सिम बदलायचं असेल, जुनं खराब झालं असेल किंवा ई-सिमवर जायचं असेल, तर ते निघण्याच्या किमान दहा दिवस आधी. सिम बदललं की दूरसंचार विभागाच्या आदेशानुसार पहिले २४ तास त्यावर एसएमएस येत-जात नाहीत. शिवाय काही बँका सिम बदललेलं पाहून व्यवहारांवर काही दिवस मर्यादा घालतात. आदल्या संध्याकाळी सिम बदलून पहाटे मुंबईची गाडी पकडणारा माणूस विमानतळावर ओटीपीची वाट पाहत बसतो.

याच वेळी सिम कोणाच्या नावावर आहे तेही पाहा. आपल्याकडे जुने नंबर वडिलांच्या, भावाच्या, कधी दुकानात काम करणाऱ्या माणसाच्या नावावर घेतलेले असतात आणि बँकेत मात्र तुमचे म्हणून नोंदलेले असतात. सिम हरवलं तर बदली सिम ज्याच्या नावावर आहे त्यालाच, ओळखपत्र दाखवून मिळतं. दूरसंचार विभागाच्या संचार साथी या संकेतस्थळावर तुमच्या नावावर कोणते नंबर आहेत ते दिसतं. तुमचा नंबर त्यात नसेल तर नाव बदलण्याचं काम या प्रवासाआधी उरकून घ्या.

फोनमधल्या सेटिंगकडे येतो. हा भाग सावकाश करा, कारण मोठी बिलं इथूनच येतात. मोबाईल डेटासाठी प्रवासाचं ई-सिम निवडा. भारतीय सिमचं डेटा रोमिंग, म्हणजे परदेशात त्या सिमवरून चालणारं नेट, बंद करा. प्रवासाच्या ई-सिमचं डेटा रोमिंग मात्र बहुधा चालू करावं लागतं, कारण अशी बरीच ई-सिमं स्वतःच रोमिंगवर चालतात. इथपर्यंत सगळे करतात. राहते ती यापुढची एक कळ. आयफोनमध्ये मोबाईल डेटाच्या पानावर, आणि हल्लीच्या बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये सिमच्या पानावर, एका सिमची रेंज गेली की नेट आपोआप दुसऱ्या सिमवर नेण्याची सोय असते. ती चालू राहिली तर हॉटेलच्या तळघरात ई-सिमची रेंज गेल्यावर फोन भारतीय सिमवर जायला बघतो. त्या दिवशी कोणीतरी भारतीय सिमचं डेटा रोमिंग ‘पाच मिनिटांसाठी’ चालू केलेलं असेल, तर फोटोंचा बॅकअप त्यावरून जाऊन खात्यातली शिल्लक संपते. दोन्ही कळा बंद ठेवा. आयफोनवाल्यांनी एवढं आणखी लक्षात घ्यावं की नवं सिम घातलं की आयमेसेज स्वतःहून परदेशातल्या नंबरवर एक एसएमएस पाठवतो, आणि रोमिंगमध्ये त्याचे पैसे लागतात. ई-सिम बसवण्याआधी आयमेसेज आणि फेसटाइम बंद करा. गरज असेल तर बसवून झाल्यावर, कोणता नंबर वापरायचा ते पाहून, परत चालू करा.

आता कॉल. इथे तुमच्या परिस्थितीनुसार मत बदलेल. तुम्हाला दिवसाला दोन-चार कॉल येत असतील तर रोमिंगचा पॅक घेऊन सरळ उचला. चार-पाच दिवसांची एका देशाची फेरी असेल तर या लेखातलं बाकी सगळं सोडा, कंपनीचा पॅक घ्या आणि जा. पण हंगामात, अडीच महिने, दिवसभर ट्रकवाल्यापासून शीतगृहापर्यंत सगळे फोन करत असतील, तर प्रत्येक उचललेल्या कॉलचे रोमिंगचे पैसे लागतात. शिवाय हिवाळ्यात नेदरलँड्स भारताच्या साडेचार तास मागे असतं. नाशकात सकाळी दहाला कोणी फोन केला तर तुमच्या उशाशी पहाटे साडेपाचला घंटा वाजते.

यावर उपाय म्हणजे सगळे कॉल बिनशर्त वळवणं, म्हणजे कॉल फॉरवर्डमधला ‘नेहमी वळवा’ हा पर्याय. पिंपळगावच्या ऑफिसमधल्या माणसाच्या भारतीय मोबाईलवर वळवा. असा कॉल भारतातूनच परस्पर तिकडे जातो, परदेशात येतच नाही, त्यामुळे रोमिंगचा प्रश्न उरत नाही. ज्याचं काम खरंच तुमच्याकडे आहे त्याला ऑफिसमधून सांगायचं, व्हॉट्सॲपवर फोन करा. आणि यातली सगळ्यात उपयोगी गोष्ट अशी की कॉल वळवले तरी एसएमएस वळत नाहीत. ते सिमवर, तुमच्याच फोनवर येतात.

मात्र ‘उचलला नाही तर वळवा’, ‘व्यग्र असेल तर वळवा’ हे अटींचे पर्याय प्रवासात पूर्ण बंद करा. कारण तो कॉल आधी भारतातून नेदरलँड्सला येतो, तुमचा फोन वाजतो, तुम्ही उचलत नाही, मग तो तिथून परत भारतात वळवला जातो. येण्याचे रोमिंगचे पैसे आणि परत जाण्याचे आंतरराष्ट्रीय कॉलचे पैसे, दोन्ही तुमच्या खात्यावर पडू शकतात, आणि तेही न उचललेल्या कॉलसाठी. मिस्ड कॉल कळवण्याची सेवाही कधी कधी अशाच वळवण्यावर चालते, तीही तपासा.

वळवण्याचं काम नाशकात असतानाच करा. परदेशातून ते लागलं नाही तर तिथे ते दुरुस्त करायला कोणी नसतं. पूर्वी स्टार-हॅशचे कोड टाकून कॉल वळवता येत. फसवणूक वाढल्यामुळे दूरसंचार विभागानं यूएसएसडीवरची ही सोय १५ एप्रिल २०२४ पासून बंद करायला लावली. त्यामुळे जुने कोड चालले नाहीत तर गोंधळू नका, फोनच्या कॉल सेटिंगमधून किंवा कंपनीच्या ॲपमधून करा. लावल्यावर तिसऱ्या फोनवरून स्वतःच्या नंबरवर कॉल करून बघा. आणि कोणाच्या नंबरवर वळवताय याचा नीट विचार करा. काही ठिकाणी ओटीपी कॉल करून सांगितला जातो, तोही वळून त्याच माणसाकडे जाणार आहे.

कोणी सुचवेल की येणारे कॉल रोखण्याची सोय, म्हणजे बारिंग, लावून टाका. मी ते टाळायला सांगतो. नेटवर्कवर बारिंग सगळ्याच सेवांना लागलं तर एसएमएसही अडतात, आणि ओटीपी का येत नाही हे शोधण्यात दोन दिवस जातात.

आणखी एक सल्ला सर्रास दिला जातो: सिम घरीच जुन्या फोनमध्ये ठेवा, मुलगा ओटीपी वाचून सांगेल. फक्त कॉल सांभाळायचे असते तर हे चाललं असतं. पण यूपीआय आणि बँकांची ॲप सिमला बांधलेली असतात. नोंदणीच्या वेळी ॲप तुमच्याच फोनमधून एक एसएमएस पाठवतं आणि त्यावरून नंबर ओळखतं. सिम काढलं, स्लॉट बदलला किंवा फोन बदलला की अनेक ॲप ती पडताळणी पुन्हा मागतात. रोमिंगमधून भारतातल्या त्या नंबरवर गेलेला एसएमएस बऱ्याचदा पोहोचत नाही, आणि ॲप तिथेच अडकतं. म्हणून प्रवासात भारतीय सिमचा स्लॉट बदलायचा नाही, ॲप काढून पुन्हा टाकायचं नाही, ‘डेटा पुसा’ करायचं नाही. एसएमएस आपोआप पुढे पाठवणारी ॲप टाकून सिम घरी ठेवणं तर मुळीच नको, त्यात तुमचे सगळे ओटीपी तिसऱ्याच्या हातात जातात.

व्हॉट्सॲपही आता त्याच वाटेनं चाललं आहे. पूर्वी एकदा नोंदणी झाली की सिम कुठेही असलं तरी खातं चालायचं. नोव्हेंबर २०२५मध्ये दूरसंचार विभागानं अशा ॲपना निर्देश दिले की ज्या सिमवर खातं आहे ते फोनमध्ये चालू असलं पाहिजे, आणि संगणकावरचं वेब खातं जास्तीत जास्त सहा तासांनी बाहेर पडलं पाहिजे. सिम फोनमध्येच ठेवण्याचं हे आणखी एक कारण. नवं ई-सिम बसवल्यावर व्हॉट्सॲपनं नंबर बदलायचा का विचारलं तर जुनाच ठेवा.

ओटीपी आला नाही तर काय करायचं, हे क्रमानं सांगतो. आधी भारतीय सिमला रेंज दिसते का बघा. रेंज असेल तर फ्लाइट मोड चालू करून अर्ध्या मिनिटानं बंद करा, म्हणजे नोंद नव्यानं होते. तरी नाही, तर भारतीय सिमच्या नेटवर्क निवडीतलं ‘आपोआप’ काढून यादीतलं दुसरं नेटवर्क हातानं निवडा. सगळ्या परदेशी नेटवर्कशी तुमच्या कंपनीचा करार असतोच असं नाही, आणि करार असला तरी सगळीकडे एसएमएस सारखाच पोहोचतो असंही नाही. पसंतीचं नेटवर्क फक्त ५जी किंवा ४जी असं ठेवलं असेल तर ते सगळे प्रकार चालतील असं करा. या गडबडीत ‘पुन्हा पाठवा’ सारखं दाबू नका. चार ओटीपी एकदम आले की चुकून जुनाच भरला जातो, आणि तीन चुकांनंतर बँक खातं अडवते. एकदा मागा, पाच मिनिटं थांबा.

एसएमएसवरचं अवलंबन जितकं कमी कराल तितकं बरं. निघण्याआधी बँकेत ईमेल नोंदवा आणि ईमेलवरही ओटीपी मिळतो का विचारा. आधारसाठी एमआधार ॲपमध्ये थोडा वेळ चालणारा ओटीपी फोनमध्येच तयार होतो, त्याला एसएमएस लागत नाही. धंद्याचं म्हणाल तर १ एप्रिल २०२५ पासून ई-वे बिलाच्या संकेतस्थळावर सगळ्याच करदात्यांना दुहेरी पडताळणी आहे. ऑफिसमधल्या माणसाला त्याच्या स्वतःच्या नंबरसह उप-वापरकर्ता करून द्या. द्राक्षाचा कंटेनर न्हावाशेव्याला निघायचा आहे आणि ओटीपी तुमच्याकडे, तुम्ही विमानात, असा प्रसंग मग येत नाही. बँकेचे १८०० वाले टोल-फ्री नंबर परदेशातून सहसा लागत नाहीत. परदेशातून लावायचा वेगळा नंबर बँकेच्या कार्डामागे किंवा संकेतस्थळावर असतो, तो सेव्ह करा. सगळे नंबर +९१ लावूनच सेव्ह करा. नाशिकचा लँडलाइन असेल तर ०२५३ मधलं शून्य गाळून +९१ २५३ असा.

आता देशांचं. तुमच्या वाटेवर जर्मनी आणि नेदरलँड्स ही सोपी जोडी आहे. युरोपीय संघात १५ जून २०१७ पासून एका देशाचं सिम दुसऱ्या देशात रोमिंगच्या जादा पैशांशिवाय चालतं. नॉर्वे, आइसलँड, लिक्टेनश्टाइन यांनाही तो नियम आहे. जर्मनीत प्रीपेड सिम घेताना २०१७ पासून ओळख पडताळणी सक्तीची आहे, नेदरलँड्समध्ये ती नाही. त्यामुळे तिथलंच सिम घ्यायचं झालं तर डच घ्या, ते बर्लिनलाही चालेल. पण तुम्ही आधी बर्लिनला उतरणार, तेव्हा निघण्याआधीच युरोपचं ई-सिम बसवून जाणं बरं. त्याच्या देशांच्या यादीत ब्रिटन आहे का ते वाचा. ब्रिटन संघाबाहेर गेल्यामुळे ते आपोआप धरलेलं नसतं. स्वित्झर्लंडही संघात नाही. जर्मनीतून बाझेलकडे गाडीनं गेलात की सरहद्दीआधीच फोन स्विस नेटवर्क पकडू शकतो, आणि यादीत नाव नसेल तर एक तर नेट बंद होतं, नाही तर वेगळ्या दरानं पैसे कापले जातात.

किती नेट लागेल? व्हॉट्सॲपवरच्या आवाजी कॉलला मिनिटाला साधारण अर्धा ते एक एमबी, व्हिडिओ कॉलला त्याच्या कित्येक पट. रोज तासभर बोलणं, नकाशे, ईमेल आणि थोडे फोटो धरले तर महिन्याला दहा जीबी पुरतात. पेटीतल्या द्राक्षांची तक्रार व्हिडिओवर दाखवायची वेळ आली तर शीतगृहाचं वायफाय मागून घ्या.

दुबईचं वेगळं आहे. तिथल्या नेटवर व्हॉट्सॲपचे मेसेज जातात, पण कॉल अडवलेले असतात. बोटिम, झूम, टीम्स यांना तिथे परवानगी आहे. घरी आणि ऑफिसमध्ये त्यातलं एक आधीच बसवून, एकदा बोलून घ्या. दुबईत तुम्ही चार-पाच दिवसच असाल, तर तेवढ्यापुरता भारतीय कंपनीचा रोमिंग पॅक घेणं मला जास्त सोयीचं वाटतं. भारतापेक्षा दीडच तास मागे असल्यामुळे कॉलही वेळेत येतात.

पुढेमागे अमेरिकेला जाणं झालं तर तिथल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये ३जी बंद केलं आहे, आणि साध्या कॉलसाठीही व्होल्टी, म्हणजे ४जीवरून होणाऱ्या कॉलचं, रोमिंग लागतं. तुमच्या कंपनीचं ते तिथे आहे का, आणि तुमच्या फोनच्या मॉडेलवर चालतं का, दोन्ही विचारा. वायफाय कॉलिंगबद्दलही तेच. भारतात ते सहज चालतं, परदेशातल्या वायफायवरून चालेल की नाही आणि त्याचे पैसे कसे लागतील हे कंपनीगणिक बदलतं. कंपनीकडून पक्कं उत्तर मिळाल्याशिवाय त्यावर योजना उभी करू नका. विमानात आणि क्रूझवर मात्र फ्लाइट मोडच. तिथली नेटवर्कं सहसा नेहमीच्या पॅकमध्ये नसतात आणि दर फार चढे असतात.

सगळ्याचा क्रम असा लावा. महिनाभर आधी सिम कोणाच्या नावावर आहे ते आणि बँकेतला ईमेल. दहा दिवस आधी सिम बदलायचं असेल तर ते, सिम-पिन आणि वर्षभराचा रिचार्ज. आठवडाभर आधी रोमिंगची सेवा चालू झाल्याची खात्री. दोन दिवस आधी घरच्या वायफायवर ई-सिम बसवणं. ते बसवण्याचा क्यूआर कोड बहुतेक वेळा एकदाच चालतो, म्हणून बसवलेलं ई-सिम प्रवास संपेपर्यंत काढू नका, लागलं तर नुसतं बंद करा. निघायच्या दिवशी कॉल वळवणं आणि भारतीय सिमचं डेटा रोमिंग बंद. बर्लिनला उतरल्यावर बँकेच्या ॲपमध्ये ओटीपी येईल असं एखादं लहानसं काम करून बघा. काही अडलंच तर त्या दिवशी वेळ हाताशी असतो, खरेदीदारासमोर बसल्यावर नसतो.

फोनच हरवला तर आधी घरून कंपनीला सांगून सिम बंद करवा, मग बँकेला कळवा. बदली सिम भारतात तुमच्या ओळखीवर मिळतं, म्हणून ते परत येईपर्यंत मिळेल असं धरू नका. अशा वेळी दुसऱ्या बँकेचं एक कार्ड, ज्याला परदेशी वापराची परवानगी आधीच दिलेली आहे, वेगळ्या बॅगेत असलं की प्रवास थांबत नाही.

आणि मुंबईला उतरलात की त्याच दिवशी ‘नेहमी वळवा’ काढून टाका आणि दुसऱ्या फोनवरून कॉल करून तो तुमच्याकडेच वाजतो याची खात्री करा. हे विसरलेले लोक आठवडाभर ‘आज कोणाचाच फोन कसा नाही’ म्हणत राहतात आणि तिकडे ऑफिसातला माणूस सगळे कॉल घेत असतो. पुढचा प्रवास लगेच नसेल तर रोमिंगची सेवाही बंद करा.